सभेच्या दिवशी राहिलेलं औषध

माझ्या मायचा बोलतानाचा एकच व्हिडिओ आहे, आणि तो तिची बदनामी करायला काढलेला आहे.

ती कॅमेऱ्यासमोर कधी उभी राहायची नाही. "कागद माणूस घरी नेते, दोनदा वाचते, शेजारणीले देते. तुया मोबाईलमंदी बोटानं सरकवलं का गेलं," असं म्हणायची. त्यामुळे तिचं जे मागे राहिलं ते सगळं कागदावर आहे. आवाज तेवढा त्या व्हिडिओत राहिला, आणि तो तिचा आवाज नाही.

आम्ही अमरावतीचे. बाबा छापखान्यात मशीन चालवायचे आणि माय दर्यापूरकडच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तरीन होती. लग्नपत्रिकांतून उरलेला कागद बाबा घरी आणायचे, माय मजकूर लिहायची, आणि जेवणं झाली की आम्ही तिघं जमिनीवर बसून पत्रकं दुमडायचो. आधी आडवी घडी, मग उभी, आणि कडेवरून अंगठ्याचं नख. घडी वाकडी गेली तर माय उलगडून परत द्यायची. मला वाचायला शिकवलं ते या कागदांनी: हुंडा, भोंदूबाबा, भानामती, दारू. गोष्टीच्या पुस्तकांत शेवटी सगळे सुखानं नांदायचे. पत्रकात शेवटी "उठा!" असायचं. मला पत्रकच आवडायचं. अजूनही कुणी हळू आवाजात, दोन्ही बाजूंचा विचार करून बोलायला लागलं की मला वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय.

मायचा सगळ्यात जुना शत्रू म्हणजे तिच्या शाळेच्या गावातलं देशी दारूचं दुकान. परवान्याचं, अगदी कायदेशीर. शाळेच्या वाटेवर. असं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते, एक आडवी. दुकान नको असेल तर आडव्या बाटलीवर शिक्का. आणि नियम असा की गावातल्या एकूण बाया-मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडवीवर शिक्का मारायला हवा. जी बाई त्या दिवशी घरी राहिली, तिचं मत न मागता उभ्या बाटलीच्या कामी येतं.

हे मतदान लागावं म्हणून दारोदार फिरून बायांच्या सह्या गोळा केल्या त्या एका मावशीनं. नात्यातली नाही, पण मी तिला मावशीच म्हणायची. दुसऱ्यांच्या वावरात निंदणाला, वेचणीला जाणारी बाई. तिचा नवरा प्यायचा आणि मारायचा. मग एका वर्षी त्यानं सोडली. निदान तो तसं म्हणायचा. काही महिने बरे गेले, आणि मग तो पुन्हा झोकांड्या खात घरी यायला लागला, अडखळत बोलायला लागला, दुपारचा ओट्यावर झोपायला लागला. मावशी रडत मायकडे आली. मायनं तिच्या हातात स्वतःचंच पत्रक ठेवलं. त्यात ठळक ओळ होती: पिऊन येईल त्याला दार उघडू नका. मावशीनं दार लावलं. सकाळी तो अंगणाच्या कडेला, टाक्याजवळ पडलेला सापडला. गावानं म्हटलं, दारूनं खाल्ला. मायनं म्हटलं, दारूनं खाल्ला. मावशीनंही तेच म्हटलं, आणि दुसऱ्या महिन्यात ती सह्या गोळा करायला निघाली. तिच्याइतकं चिडून बोलणारी दुसरी कार्यकर्ती मायला मिळाली नाही.

हे सगळं मायच्या आजाराच्या आधीचं.

माय अंगानं जाड होती, साखरेचा आजार जुना. सोनोग्राफीत कधीतरी "फॅटी लिव्हर" आलं होतं. त्यावर ती म्हणाली होती, "आमच्या शाळेतल्या समद्या मास्तराईले हाय ते. पगारासंगं येते." निवृत्त झाली त्या वर्षी पाय सुजायला लागले. आणि मग एक दिवस तिनं पत्रकांचा अख्खा गठ्ठा उलटा दुमडला, छापील बाजू आत घेऊन. बाबांनी दाखवलं तर चिडली. दिवसा पेंगायची, रात्री टक्क जागी. चहात मीठ. एका मजकुरात तिनं "स्वाभिमान" हा शब्द लिहायला घेतला आणि "स्वा"च्या पुढे पेन तसंच धरून बसली. बाबांना वाटलं, म्हातारपण लवकर आलं. शेजारची एक बाई म्हणाली, "बाहेरचं पाहून घ्या न एकदा." ज्या घरात भानामतीवर इतकी पत्रकं दुमडली गेली त्याच घरात हे कानावर आलं, आणि मी त्या बाईला फार वाईट बोलले.

मी तेव्हा अकोल्याला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते, आताही शिकवते. मायला मी अकोल्याला आणलं. पोटाच्या डॉक्टर वयानं माझ्याहून थोड्याच मोठ्या, बोलायला एकदम आपल्यातल्या. त्यांनी मायला सांगितलं, "काकू, बस थांबवता तसा हात करा." मायनं दोन्ही हात समोर धरले, पंजे वर. क्षणभर ते तसे राहिले, मग मनगटातून गळाले, पुन्हा वर आले, पुन्हा गळाले. पाखरू पंख हलवतं तसे. माय स्वतःच्या हातांकडे अशी बघत होती जशी वर्गात ऐकत नसलेल्या पोराकडे बघायची.

"पोट साफ होते का रोज?" डॉक्टरनं विचारलं.

हजार माणसांपुढे न घाबरता बोलणारी माझी माय खाली बघायला लागली. "तीन-चार दिवस नाही झालं," म्हणाली. "पण मी डोक्यासाठी आली न बाई."

"डोक्याचंच इचारून राहिले मी."

मग त्यांनी समजावलं. आपण खातो त्यातलं उरलेलं मोठ्या आतड्यात जातं, तिथं अगणित जंतू असतात, आणि त्यांच्या खाण्यापिण्यातून अमोनिया तयार होतो. लिव्हर धड असेल तर रक्तातला हा अमोनिया तिथंच निकामी होतो. मायचं लिव्हर आतून दगडासारखं झालं होतं, रक्त बाजूच्या वाटा काढून निघत होतं, आणि पोटातला तो माल तसाच डोक्यापर्यंत पोचत होता. पोट तुंबलं की जंतूंना वेळ मिळतो, माल वाढतो, डोकं बधिर होतं. "आन डोकं बधिर झालं का माणूस पाणी प्यायचं विसरते, औषध विसरते, घाबरते. घाबरलं का आतडं अजून सुस्त. पोट डोक्याले बिघडवते, डोकं पोटाले. कोणी सुरू केलं ते शोधत बसू नका. कुठूनतरी तोडा."

तोडायचं साधन म्हणजे एक गोड, चिकट औषध. ती साखरच, पण आपल्याला पचत नाही, जंतूंना पचते. ती खाऊन ते आतडं आंबट करतात, आणि आंबट आतड्यातला अमोनिया रक्तात परत शिरू शकत नाही, शौचावाटे निघून जातो. सोबत जंतूंना आवर घालणारी एक गोळी. दिवसातून दोन-तीनदा पातळ शौचाला व्हायलाच पाहिजे, नाही झालं तर औषध वाढवा, थांबवायचं मात्र कधीच नाही. हे डॉक्टरनं दोनदा सांगितलं, एकदा मायला आणि एकदा मला.

माय दोन दिवसांत पूर्वीसारखी झाली. खरंच पूर्वीसारखी. "स्वाभिमान" लिहिला, त्याच्यापुढे उद्गारचिन्ह काढलं. मला म्हणाली, "जनमभर म्या लोकाईले सांगतलं, इचार करा, इचार करा. आन इचार कुठं होऊन राह्यला पाय. माया पोटात अख्खी ग्रामपंचायत भरून हाय, आन सरपंच बेवडा!" आम्ही दोघी हसलो. पण तिला ते लागलं होतं. ती रोज सकाळी संडासातून आली की माझ्याकडे न बघता नुसती मान हलवायची, म्हणजे आज डोकं ठिकाणावर राहील. जिनं डोक्याशिवाय कशावरच विश्वास ठेवला नाही त्या बाईला रोज सकाळी ही खात्री करून घ्यावी लागत होती.

लिव्हर बदलण्याबद्दलही विचारून पाहिलं. तिची साखर, तिचं हृदय, तिचं वय. डॉक्टरनं स्पष्ट नाही म्हटलं नाही, पण मायनं ओळखलं. "चालते तोवर चालते," म्हणाली आणि अमरावतीला परत गेली. कारण मतदानाची तारीख लागली होती.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आमच्याकडच्या प्रत्येक कार्यकर्तीला माहीत आहे आणि कुठल्याही पत्रकात छापलेली नाही. गावोगाव फिरणारी बाई दौऱ्याच्या दिवशी पाणी पीत नाही. काळी-पिवळी जीपमध्ये चौदा माणसं कोंबलेली असतात, ती मध्ये थांबत नाही. चौकात पुरुषांसाठी भिंत असते, बाईसाठी काही नसतं. कुणाच्या घरी "बाथरूम कुठं हाय" विचारणं म्हणजे सभेआधीच गावात चर्चा. म्हणून आदल्या संध्याकाळपासून कोरडं खायचं, घोटभर चहावर निघायचं, आणि घरी परतल्यावर तांब्याभर पाणी प्यायचं. मायनं नोकरीची सगळी वर्षं हेच केलं. ती याला शिस्त म्हणायची. मी तिच्याकडूनच ती शिकले.

आणि आता तिच्याकडे एक असं औषध होतं जे तिला दिवसातून तीनदा पळवायचं.

सभा मतदानाच्या चार दिवस आधी होती, उन्हं तापायला लागली होती. तिनं आदल्या सकाळपासून औषध बंद केलं. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "एक दिवसानं काय होते? स्टेजवरून पळू काय मी, दारूवाल्याईच्या समोर?" बाटली फडताळात तशीच राहिली. पाणी तर ती पीतच नव्हती.

मी कॉलेजचे तास संपवून अकोल्याहून थेट गावात पोचले तेव्हा सभा सुरू झाली होती. शाळेपुढच्या ओट्यावर माईक, समोर पटांगणात बाया, मागे पानठेल्याला टेकून पुरुष. माय उभी होती. आधी मला तिच्या चपला दिसल्या. डावी उजव्या पायात, उजवी डाव्या पायात. वाकडी घडी चालवून न घेणारी माझी माय.

"बायाईहो," ती म्हणाली, आणि थांबली. खूप वेळ थांबली. बाया आदरानं वाट बघत राहिल्या, त्यांना वाटलं ती दम घेतेय. "बायाईहो. शिक्का मारजा. भेवाचं नाही. शिक्का... उभ्या बाटलीवर मारजा."

शेजारी मावशी उभी होती. ती वाकून म्हणाली, "आडव्या, मास्तरीनबाई. आडव्या."

"तेच तं सांगून राह्यली मी," माय जड जिभेनं चिडून म्हणाली. "उभ्या."

मागून पहिलं हसू आलं.

"घ्या! बाईनं पार्टी बदलली गड्या!"

"अबे ते बाई नाही बोलून राह्यली, पोटातली बोलून राह्यली!"

"मास्तरीनबाई, एकट्या एकट्याच काहून? आमाले बी आवाज द्याचा न!"

मायनं त्यांना गप्प करायला हात वर केला. बस थांबवतात तसा. आणि तो हात मनगटातून गळाला, वर आला, गळाला. मागे एक जण पहिल्यापासूनच व्हिडिओ काढत होता, आता आणखी चार-पाच मोबाईल वर झाले. मी बायांमधून वाट काढत, कुणाच्या पायावर पाय देत धावले. ओट्यावर चढून तिला धरलं तेव्हा तिच्या तोंडाला वास येत होता, गोडूस, कुजट, पावसात भिजून राहिलेल्या कडब्यासारखा. डॉक्टरनं तो मला सांगून ठेवला होता. पहिल्या रांगेतल्या बायांनाही तो आला. मी त्यांचे चेहरे बघितले. हसणाऱ्या पुरुषांचं मला काही वाटलं नाही. त्या बायांपैकी एकीनं पदर नाकाला लावला, तो मला अजून दिसतो.

मायनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तुमी कोणत्या गावच्या?"

जीप करून आम्ही तिला अकोल्याला नेलं, मावशी सोबत होती. वाटेत तिनं एकदाच विचारलं, अगदी हळू, "पेल्या नाही न वं त्या?" मी ओरडले तिच्यावर.

दवाखान्यात त्यांनी खालून औषध देऊन पोट मोकळं केलं, सलाईन लावलं. मायचं डोकं परत आलं ते असं: आधी संडास, मग नर्सला एक शिवी, मग माझं नाव. आणि नीट शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "सभा कशी झाली?"

मी म्हटलं, चांगली झाली. पण तोवर व्हिडिओ सगळीकडे गेला होता. बाटली आडवी करायला निघालेली बाई स्वतःच आडवी झाली, असं काहीतरी त्याखाली लिहिलं होतं, हसणाऱ्या तोंडांसकट. मतदान झालं. उभ्या बाटलीवर शिक्के फार नव्हते. बाया आल्याच नाहीत, एवढंच. दुकान राहिलं, आजही आहे.

मायनं तो व्हिडिओ शेजारच्या खाटेवरच्या माणसाच्या मोबाईलवर पाहिला. मोर्शीकडचा माणूस, संत्र्याच्या बागांत काम करणारा, हातपाय काड्या आणि पोट नगाऱ्यासारखं. त्यालाही तेच गोड औषध, त्याचाही हात तसाच मनगटातून गळणारा. त्यानं अगदी भोळेपणानं तिला दाखवला. "ह्या तुमीच का वो? मंग तुमी कोणती पेत होत्या, देशी का इंग्लिश?"

"छापखान्याची शाई," माय म्हणाली. तो खळखळून हसला.

मी मात्र पेटले होते. त्याच दुपारी दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मजकूर लिहिला. माझ्या आईने आयुष्यात दारूच्या थेंबाला स्पर्श केलेला नाही. खाली रिपोर्ट छापणार होते, डॉक्टरांचं पत्र छापणार होते, व्हिडिओ काढणाऱ्यांना जाब विचारणार होते. घरोघर टाकणार होते तो कागद. मी तो मायला वाचून दाखवला. तिनं डोळे मिटून ऐकला, जशी ती माझे सगळे मजकूर ऐकायची.

"पहिली ओळ काढ," म्हणाली.

"ती ओळच तर खरी आहे माय. बाकीचं तिच्यासाठी आहे."

तिनं शेजारच्या खाटेकडे मान केली. तो झोपला होता, त्याची बायको त्याचे पाय चेपत होती. "मी पेत नव्हती म्हून बेमारी इज्जतीची, आन तो पेत होता म्हून त्याची बेमारी हरामाची? त्याच्या बायकोनं काय छापाचं मंग?"

मी म्हटलं, तो प्रश्न वेगळा आहे. ती म्हणाली, "इचार तिले."

विचारायची गरज पडली नाही, ती बाई ऐकत होती. नवऱ्याचे पाय न सोडता बोलायला लागली. "सोडून लय दिवस झाले बाई यायले. पोराची शपथ घेतली, खरंच सोडली. पण झोकांड्या जाते. जीभ अडखळते. गावात कोणी इश्वास ठेवत नाही. माया जेठानं, यायच्या सख्ख्या मोठ्या भावानं, मारलं बी यायले चौकात, पेला म्हून. मलेई वाटे, चोरून पेते. म्या बी दोन दिवस बोलली नाही यायच्यासंगं."

माय एकदम गप्प झाली. मला आधी वाटलं, पुन्हा डोकं जातंय. मी म्हटलं, हात कर. तिनं हात समोर धरला. स्थिर होता. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

"मावशीचा मालक," ती म्हणाली.

मला समजायला वेळ लागला. सोडली म्हणणारा. झोकांड्या खाणारा. दुपारी ओट्यावर झोपणारा. पिऊन येईल त्याला दार उघडू नका.

"तुला काय माहीत माय, तो प्यायलाही असेल."

"असन. नसन बी. कोणी इचारलंच नाही न त्याले. म्या बी नाही." मग म्हणाली, "त्याले संडास झाली का, एवढं इचाराचं होतं फक्त."

दुसऱ्या दिवशी तिनं मला नवीन मजकूर सांगितला. मथळा तिचाच: झोकांडी जाणारा प्रत्येक माणूस पिलेला नसतो. त्यात पोट, जंतू, लिव्हर, डोकं, सगळं तिच्या साध्या भाषेत. हात कसा धरून बघायचा. दारू सोडल्यावरही आजार राहतो. औषध थांबवायचं नाही, प्रवासातही नाही, सभेतही नाही, आणि बाईनं पाणी प्यायचं. शरमेपायी जीव देऊ नका, अशी एक ओळ होती. स्वतःबद्दल एक शब्द नाही. शेवटी "उठा!"च्या जागी तिनं लिहायला लावलं: दार लावण्याआधी दवाखान्यात न्या.

मी विचारलं, "हा कागद मावशीच्या गावात वाटायचा?"

जिनं आयुष्यभर प्रत्येक गोष्ट कागदावर मांडली ती माय म्हणाली, "सगळीकडे वाट. तिथं थांब. तिले मी सोता जाऊन सांगीन. ही गोष्ट कागदानं सांगाची नाही."

तिला जायला मिळालं नाही. पोटात पाणी भरत गेलं, त्या पाण्याला संसर्ग झाला. शेवटच्या वेळी औषधानं पोट मोकळं झालं, पण डोकं परत आलं नाही. मी तिच्या कानाशी आमची जुनी पत्रकं वाचत होते. एका ठिकाणी मी मुद्दाम चुकीचा शब्द वाचला, ती टोकेल म्हणून. तिनं टोकलं नाही.

माय गेल्यानंतरच्या कार्यक्रमाला, पुण्यानुमोदनाला, अमरावतीच्या घरी बरीच माणसं आली. वंदना झाली, दोघं-तिघं बोलले. व्हिडिओचं नाव कुणी काढलं नाही आणि सगळ्यांच्या डोळ्यांत तो होता. मला प्रत्येकाचा हात धरून सांगावंसं वाटत होतं, ती पीत नव्हती हो, कधीच नव्हती. पत्रकातून ती ओळ मी काढली, जिभेवरून काढता आली नाही. इथे लिहून टाकते. हे पत्रक नाही.

बाबांनी मायचं शेवटचं पत्रक ओळखीच्या छापखान्यातून छापून आणलं होतं. मावशीबद्दलचं बोलणं त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी दाराजवळ स्टुलावर गठ्ठा ठेवला, येईल त्यानं घ्यावा म्हणून. आमच्या घरी कार्यक्रमात कागद असाच ठेवतात. मी आत चहा गाळत होते. बाहेर आले तेव्हा मावशी पायरीवर बसली होती, कागद मांडीवर, आणि एकेका ओळीखाली बोट सरकवत वाचत होती. मायनंच तिला तसं वाचायला शिकवलं होतं. बोट खालपर्यंत गेलं, पुन्हा वर गेलं.

मी तिच्याजवळ जाऊन बसले.

"हे माया मालकाचं हाय का वं?" तिनं विचारलं.

"सगळ्यांचं आहे मावशी."

"तो पेला होता का नव्हता त्या दिवशी?"

"माहीत नाही."

"मास्तरीनबाईले माहीत होतं?"

"तिलाही नव्हतं. ती तुमच्याकडे येणार होती. बोलायला."

"काय बोलणार होत्या?"

लहानपणापासून मला वाटत आलं की खरं ते छापावं, खऱ्यानं कुणाचं वाईट होत नाही, होतं ते लपवण्यानं. मावशीकडे बघून ते वाक्य मला म्हणता येईना.

"मी दार लावाले गेली न," ती म्हणाली, "तं त्यानं हात वर केला. तोंडानं काई बोलता येत नव्हतं त्याले. मले वाटलं, मारते. म्हून मी घाईनं लावलं."

आत कुणीतरी चहा मागत होतं. बाबा माझं नाव घेऊन हाक मारत होते. मावशीनं कागद तिथंच पायरीवर ठेवला, वारा नेऊ नये म्हणून त्याच्यावर आपली चप्पल ठेवली, आणि उजवा हात समोर धरला, पंजा वर, बस थांबवतात तसा.

"असा न?" तिनं विचारलं.

मी हो म्हटलं. तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता. ती तो तसाच धरून त्याच्याकडे बघत बसली.